क्ष-किरणांच्या पडद्यापुढील चिकित्सक आणि रोगी : प्रारणबाधेच्या इतिहासातील एक प्रश्न

इ. स. १८९६ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात एक लहानसा प्रयोग करण्यात आला. एका बालकाच्या डोक्यात बंदुकीची गोळी रुतली होती. राँटगेन यांनी अवघ्या तीन महिन्यांपूर्वी शोधून काढलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या गोळीचे स्थान निश्चित करता येईल काय, असा प्रश्न तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जॉन डॅनियल यांच्यापुढे आला. बालकावर हा उपाय करण्यापूर्वी तो आपणांपैकीच कोणावर तरी करून पाहावा, या विचाराने विद्यापीठातील अधिष्ठाते विल्यम डडली यांनी आपले मस्तक पुढे केले. नळी केसांपासून सुमारे अर्ध्या इंचावर ठेवून तासभर किरण सोडण्यात आले. छायाचित्राच्या काचेवर काहीच उमटले नाही. एकविसाव्या दिवशी मात्र, नळी जेथे होती नेमक्या त्याच ठिकाणचे डडली यांचे केस गळून पडले.

या प्रसंगात पुढील सव्वाशे वर्षांचा इतिहास बीजरूपाने आलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. किरणांचा उपयोग केवळ निदानासाठी नव्हे, तर शस्त्रवैद्याच्या हातास वाट दाखविण्यासाठी करावयाचा, हा हेतू येथे आहे. त्या हेतूपायी शरीरास झालेली इजा येथे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कारण व परिणाम यांच्यामधील एकवीस दिवसांचे अंतर येथे आहे. विस्तवाने हात पोळला तर तो त्या क्षणी मागे घेतला जातो. क्ष-किरणांनी पोळलेला हात मागे घ्यावा असे सांगणारी वेदना त्या क्षणी होतच नाही.

क्ष-किरण-प्रतिमेच्या मार्गदर्शनाने केल्या जाणाऱ्या उपचारांत चिकित्सक, त्यांचे सहकारी व रोगी यांना जी प्रारणबाधा होत आली, तिचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे. हा इतिहास सामान्यतः अज्ञानाकडून ज्ञानाकडे झालेल्या प्रवासाच्या स्वरूपात सांगितला जातो : आरंभीच्या संशोधकांस धोका ठाऊक नव्हता, म्हणून त्यांचे बळी गेले, पुढे धोका कळला, साधने सुधारली व प्रश्न सुटला. ही मांडणी अपुरी आहे, असे आम्हांस वाटते. धोका पहिल्याच वर्षी ठाऊक झाला होता. जी इजा नाहीशी झाली असे वाटले ती पुनःपुन्हा परत आली. परतताना तिने केवळ शरीर बदलले. असे का झाले, याचे उत्तर त्या एकवीस दिवसांच्या अंतरात शोधावे लागते.

१. हाताचा बळी

आरंभीच्या काळात क्ष-किरणांची प्रतिमा पाहण्याचे दोन मार्ग होते. एक, छायाचित्राच्या काचेवर ती उमटवून घेणे. दुसरा, किरण पडताच चमकणाऱ्या रासायनिक लेपाच्या पडद्यावर ती प्रत्यक्ष पाहणे. या दुसऱ्या पद्धतीचे साधन, म्हणजे फ्लुओरोस्कोप, १८९६ साली एडिसन यांनी प्रचारात आणले. अनेक द्रव्यांची परीक्षा करून कॅल्शियम टंगस्टेटचा लेप अधिक तेजस्वी असल्याचे त्यांनी दाखविले. हलणारी प्रतिमा पाहता येते हा या साधनाचा मोठा गुण. परंतु जोपर्यंत पाहावयाचे आहे तोपर्यंत किरण चालू ठेवावे लागतात, आणि पाहणाऱ्यास त्या किरणांसमोरच उभे राहावे लागते, हा त्याचा दोष.

त्या वेळच्या नळ्यांचा गुण सारखा बदलत असे. नळी आज किती ‘कठीण’ किरण देत आहे, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे आपला स्वतःचा हात पडद्यामागे धरणे व बोटांची हाडे कितपत स्पष्ट दिसतात ते पाहणे. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे, हाच प्रकार चाले. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली यांनी हे काम केले. त्यांचे हात भाजले, जखमा चिघळल्या, कर्करोग झाला. एकामागून एक अवयव कापावे लागले. आणि १९०४ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते मरण पावले. एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम सोडून दिले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी फेब्रुवारी १८९६ मध्येच क्ष-किरण-चित्राच्या आधारे शस्त्रक्रियेस मार्गदर्शन केले होते. १९०८ साली त्यांचा डावा हात कापावा लागला. फिलाडेल्फियाचे मिहरान कासाबियन यांनी आपल्याच हातांच्या जखमांची छायाचित्रे वेळोवेळी काढून ठेवली, व १९१० साली तेही त्याच व्याधीने गेले.

हे सर्व अज्ञानापोटी झाले काय? एलिह्यू टॉमसन यांनी १८९६ सालीच आपल्या डाव्या हाताच्या करंगळीवर अर्धा तास किरण सोडून, मुद्दाम इजा करून घेऊन, किरणांची दाहकता सिद्ध केली होती. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून क्ष-किरणांनी प्राणी मरतो हे दाखविले. नळी शिशाच्या वेष्टनात ठेवावी, किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता मर्यादित करावा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांस संरक्षण द्यावे, अशा सूचनाही त्यांनी केल्या. आजच्या कोणत्याही सुरक्षा-पुस्तिकेत या सूचना जशाच्या तशा सापडतील. त्या काळी मात्र त्यांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. काम करणाऱ्याचा हात आज धडधाकट दिसत होता. इजा उद्याची होती.

हँबुर्ग येथे १९३६ साली या बळींचे एक स्मारक उभारण्यात आले. आरंभी त्यावर १६९ नावे होती. नंतर त्यांत भर पडत गेली. त्यांत डॉक्टर आहेत, पदार्थवैज्ञानिक आहेत, तंत्रज्ञ आणि परिचारिकाही आहेत. स्मारक उभारणाऱ्यांची भावना उदात्त होती याविषयी शंका नाही. परंतु हौतात्म्याच्या भाषेत एक धोका असतो. जो अपघात टाळता आला असता, तो त्या भाषेत अटळ त्याग ठरतो. शिवाय या नामावळीत रोग्यांस स्थान असण्याचे कारण नव्हते. विज्ञानासाठी देह देणारे म्हणून त्यांची कोठे गणना होत नाही, आणि त्यांची दुसरी कोणतीही यादी कोणी केली नव्हती. या गोष्टीकडे पुन्हा यावे लागेल.

२. मात्रेचे माप

जी वस्तू दिसत नाही व जाणवत नाही तिच्यापासून रक्षण करावयाचे तर तिचे माप हवे. आरंभी माप म्हणजे त्वचाच होती. त्वचा लाल होण्यास जेवढे प्रारण लागते ती ‘रक्तिमा-मात्रा’. या मापाचा दोष उघड आहे : इजा झाल्यावाचून मोजणी होत नाही. १९२५ च्या सुमारास आर्थर मुत्शेलर यांनी असे सुचविले की, काम करणाऱ्यास तीस दिवसांत या रक्तिमा-मात्रेच्या शंभराव्या भागाहून अधिक प्रारण मिळू नये. स्वीडनचे रोल्फ सीव्हर्ट हेही स्वतंत्रपणे तशाच विचाराप्रत आले. १९२८ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘राँटगेन’ हे एकक मान्य झाले, आणि क्ष-किरण व रेडियम यांपासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. १९५० पासून हीच संस्था प्रारण-संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग या नावाने ओळखली जाते.

या समितीने १९३४ साली दिवसाला ०.२ राँटगेन ही मर्यादा घातली. आजच्या एककांत ती स्थूलमानाने दिवसाला २ मिलिसीव्हर्ट होते. आज आयोगाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा सांगितली आहे. म्हणजे १९३४ साली ज्यास निर्धोक मानले गेले, तेवढ्या प्रारणात आजची वर्षाची मर्यादा दहा दिवसांत संपेल. हा फरक उपकरणांच्या प्रगतीने पडलेला नाही. मधल्या काळात रक्ताचा कर्करोग व इतर कर्करोग, म्हणजे वर्षांनी व दशकांनी दिसणारे परिणाम, हिशेबात घेतले गेले. दिवसांऐवजी वर्षे मोजू लागताच मर्यादा खाली आली.

३. अंधाऱ्या खोलीतील रोगी

संरक्षणाचा हा सारा विचार काम करणाऱ्यांचा होता. रोग्याचा विचार निराळा मानला गेला, व त्यास कारणही होते : रोग्यास किरणांपासून लाभ होतो, आणि तो क्वचितच किरणांसमोर येतो. पहिले विधान खरे होते. दुसरे नेहमीच खरे होते असे नाही.

क्षयरोगावर प्रभावी औषधे येण्यापूर्वी इटलीतील कार्लो फोर्लानिनी यांनी पुरस्कारिलेला एक उपचार जगभर रूढ होता. छातीच्या पोकळीत हवा भरून रोगग्रस्त फुप्फुस दाबून ठेवावयाचे व त्यास विश्रांती द्यावयाची. ही हवा हळूहळू शोषली जाई, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा भरावी लागे. हा क्रम कित्येक वर्षे चाले. प्रत्येक वेळी फुप्फुस कितपत दबले आहे हे पडद्यावर पाहिले जाई. एकेका रोग्याची अशी शंभराहून अधिक दर्शने होत.

हे पाहणे होते तेही घोर अंधारात. त्या पडद्याचा प्रकाश इतका मंद असे की, डॉक्टरांस वीस-तीस मिनिटे काळोखात बसून डोळे सरावून घ्यावे लागत. १९१६ साली व्हिल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी लाल काचांचा चष्मा सुचविला, तेव्हापासून तो चष्मा लावून दवाखान्यात वावरणे हे या शास्त्रातील लोकांचे लक्षणच झाले. प्रतिमा नीट दिसेना म्हणजे किरण वाढविण्याचा वा अधिक वेळ पाहण्याचा मोह होई, हे सांगावयास नकोच.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथील इयन मॅकेंझी यांनी १९६५ साली अशा रोगिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची पडद्यावर वारंवार तपासणी झाली होती त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. पुढील संशोधनात एक बारीकशी गोष्ट महत्त्वाची ठरली. नोव्हा स्कोशियात तपासणीच्या वेळी रोगिणीचे तोंड नळीकडे असे. इतर अनेक ठिकाणी पाठ नळीकडे असे. पाठीकडून आलेले किरण छातीच्या पुढील भागापर्यंत पोहोचेतो पुष्कळच क्षीण होतात. रोगिणीस कोणीकडे तोंड करून उभे करावयाचे, एवढ्या साध्या रिवाजाने पुढील आयुष्यातील धोका कितीतरी पटींनी कमीअधिक झाला. क्षय बरा झाल्याच्या आनंदात त्या घरी गेल्या होत्या. परिणाम दिसावयास दहा-वीस वर्षे लागली. रुग्णालयांनी जुन्या नोंदी जपून ठेवल्या नसत्या, तर हा संबंध कधीच जोडता आला नसता.

४. पाहण्याकडून करण्याकडे

याच काळात पडद्याचा उपयोग बदलत होता. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी आपल्याच दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या दिशेने सरकविली, आणि तशा स्थितीत ते चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेले. परिचारिकेने धरलेल्या आरशात पडद्यावरील प्रतिमा पाहत त्यांनी नळीचे टोक हृदयात पोहोचविले. या मार्गाचा पुढे अमेरिकेत कूर्नाँ व रिचर्ड्स यांनी पद्धतशीर विकास केला, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांस मिळाले.

खरी क्रांती घडविली ती प्रतिमा-वर्धक नळीने. अंधारात सरावलेले डोळे देखील बारीक तपशील पाहण्यास असमर्थ असतात, हे एडवर्ड चेंबरलेन यांनी १९४० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत स्पष्ट केले होते. १९४८ साली जॉन कोल्टमन यांनी प्रतिमेचा प्रकाश शेकडो पटींनी वाढविणारी नळी तयार केली. लाल चष्मा गेला, काळोखी खोली गेली. पुढे प्रतिमा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसू लागली. दर मिनिटास लागणारे प्रारण कमी करण्याची सोय झाली. प्रश्न सुटला असे त्या वेळी कोणासही वाटावे अशीच ही प्रगती होती.

परंतु जे साधन चांगले दिसू देते ते अधिक काम करू देते. १९५३ साली सेल्डिंगर यांनी शस्त्राने रक्तवाहिनी उघडी न करता सुईवाटे नळी घालण्याची रीत सांगितली. १९५८ साली मेसन सोन्स यांनी क्लीव्हलंड येथे हृदयाच्या रोहिण्यांचे निवडक चित्रण केले. १६ जानेवारी १९६४ रोजी चार्ल्स डॉटर यांनी पोर्टलंड येथे एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील अरुंद झालेली रोहिणी आतूनच रुंद करून तिचा पाय वाचविला. आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आन्द्रेआस ग्रुंट्सिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयाची रोहिणी मोकळी केली. भारतात ही अँजिओप्लास्टी १९८६ साली डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिक्कल यांनी प्रथम केली.

या घडामोडींचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. पडद्यावरील तपासणी काही मिनिटांत आटोपते, कारण पाहून झाले की काम संपते. उपचारात पाहणे हे कामाचे साधन होते. ते काम यशस्वी होईपर्यंत चालू ठेवावे लागते. दर मिनिटाची मात्रा घटली, परंतु मिनिटे वाढली. शिवाय हे काम करणारे आता क्ष-किरणशास्त्राचे तज्ज्ञ असतीलच असे राहिले नाही. हृदयरोगतज्ज्ञ, अस्थिशल्यचिकित्सक, मूत्ररोगतज्ज्ञ हे सारे या किरणांच्या प्रकाशात काम करू लागले. पहिल्या पिढीने हात गमावून मिळविलेले ज्ञान एका शाखेत जतन झाले होते. नव्या शाखांकडे यंत्र गेले, ते ज्ञान त्याच वेगाने गेले नाही.

५. जुनी जखम, नवे शरीर

३० सप्टेंबर १९९४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांसाठी एक सूचनापत्र काढले. क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाने केलेल्या उपचारांनंतर रोग्यांच्या त्वचेस गंभीर इजा झाल्याची वृत्ते त्या प्रशासनाकडे आली होती. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून आतून दहनाचा उपचार केलेले रोगी त्यांत होते, अँजिओप्लास्टीचे होते, यकृतातील रक्तप्रवाहास वाट करून दिलेले होते. काहींच्या पाठीवर न भरणारे व्रण झाले, आणि कातडी कलम करण्याची पाळी आली. डॅली यांच्या हातावरील जखम नव्वद वर्षांनी रोग्याच्या पाठीवर उमटली होती.

हिशेब असा होता. सर्वसाधारण वेगाने रोग्याच्या त्वचेवर मिनिटास सुमारे ०.०२ ग्रे इतके प्रारण पडते. त्वचा तात्पुरती लाल होण्यास सुमारे २ ग्रे लागतात. म्हणजे एकाच जागी किरण शंभर मिनिटे पडल्यास ती मर्यादा गाठली जाते. परंतु प्रतिमा अधिक स्पष्ट करणाऱ्या तीव्र पद्धतीत हा वेग दहापट होऊ शकतो. मग तीच मर्यादा दहा मिनिटांत येते. रोगी स्थूल असला तर यंत्र आपोआप किरण वाढविते. तिरकस कोनातून पाहिल्यास किरणांस शरीरातून अधिक लांबचा मार्ग कापावा लागतो, तेव्हाही तेच होते. काम कठीण व रोगी जड, अशा वेळी ही सर्व कारणे एकत्र येतात.

यातील दुःखद भाग जखमेचा नव्हे, तर निदानाचा आहे. लाली उठते ती दिवसांनी. व्रण होतो तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोपर्यंत रोगी घरी गेलेला असतो. तो त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो. औषधाची प्रतिक्रिया, कीटकदंश, अंथरुणाचा व्रण अशी निदाने होतात. पाठीवरील चौकोनी डागाचा संबंध काही आठवड्यांपूर्वी हृदयावर झालेल्या उपचाराशी आहे, हे ना रोग्यास सुचते, ना डॉक्टरांस. आणि ज्यांनी उपचार केला त्यांस तर आपले काम यशस्वी झाले एवढेच ठाऊक असते. उपचारानंतर लगेच रोग्याकडे पाहून इजा ओळखता येत नाही, हे त्या सूचनापत्रातही बजावलेले होते. व्हँडरबिल्टमध्ये निदान तेच लोक एकविसाव्या दिवशी एकमेकांस भेटत होते. येथे तोही योग नव्हता.

उपाय सुचविले गेले ते मुख्यतः नोंदीचे. रोग्याच्या त्वचेवर किती प्रारण पडले याचा अंदाज यंत्राने दाखवावा, आणि मोठी मात्रा झाल्यास ती रोग्याच्या कागदपत्रांत लिहावी. अमेरिकेत जून २००६ पासून तयार होणाऱ्या यंत्रांवर मात्रेचा असा आकडा दाखविणे आवश्यक झाले. प्रारण अखंड न सोडता तुटक स्पंदांनी सोडणे, शेवटची प्रतिमा किरण बंद करूनही पडद्यावर स्थिर ठेवणे, झोत अरुंद करणे, प्रतिमाग्राहक रोग्याच्या शक्य तितका जवळ आणणे, मधून मधून कोन बदलणे, या युक्त्यांनी मात्रा बरीच घटविता येते. यांतील झोत अरुंद करण्याची युक्ती रॉलिन्स यांची.

६. चिकित्सकाचे डोळे

खोलीतील इतरांस प्रारण मिळते ते मुख्यतः नळीतून नव्हे, रोग्याच्या शरीरातून विखुरलेले. रोग्याच्या त्वचेवर जेवढी तीव्रता असते तिच्या सुमारे हजाराव्या भागाइतके विखुरलेले प्रारण एक मीटर अंतरावर पोहोचते, असा ढोबळ नियम आहे. हजारावा भाग म्हणजे नगण्य, असे प्रथमदर्शनी वाटते. हिशेब करून पाहावा. त्वचेवर मिनिटास २० मिलिग्रे, म्हणजे मीटरभर अंतरावर ०.०२ मिलिग्रे. एका उपचारास वीस मिनिटे धरली तर ०.४ मिलिग्रे, वर्षाकाठी चारशे उपचार केल्यास १६० मिलिग्रे. याचा चौथा भाग जरी उघड्या डोळ्यांपर्यंत गेला तरी वर्षाला ४० मिलिग्रे होतात.

छाती व पोट शिशाच्या एप्रनने झाकलेले असते, व अर्धा मिलिमीटर शिसे विखुरलेल्या किरणांचा नऊ-दशांशाहून अधिक भाग अडविते. डोळे बहुधा उघडेच राहत आले. डोळ्यातील भिंगास मोतीबिंदू होण्यास मोठी मात्रा लागते, असा दीर्घकाळ समज होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने २००८ पासून ठिकठिकाणी डॉक्टरांच्या डोळ्यांची तपासणी झाली. क्वालालंपूर येथे तपासलेल्या ५६ हृदयरोगतज्ज्ञांपैकी २९ जणांच्या भिंगाच्या मागील बाजूस प्रारणजन्य प्रकारची अपारदर्शकता आढळली. ११ परिचारिकांपैकी ५ जणींच्या. आणि प्रारणाशी संबंध नसलेल्या २२ जणांपैकी केवळ दोघांच्या. यांतील बहुतेकांच्या दृष्टीत अद्याप अडथळा आलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भिंगासाठी इजेची सीमा ०.५ ग्रे मानली, आणि कर्मचाऱ्यांच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसीव्हर्टवर आणली. वर केलेला हिशेब या मर्यादेच्या दुप्पट जातो. बारा-तेरा वर्षांत ०.५ ग्रेची सीमाही गाठली जाते. छतास टांगलेला शिसेयुक्त काचेचा पडदा व तसाच चष्मा यांनी ही मात्रा पुष्कळ खाली आणता येते, एवढे समाधान आहे.

संरक्षणासही किंमत पडते. शिशाचा एप्रन वर्षानुवर्षे तासन्‌तास अंगावर वागविल्याने पाठीच्या मणक्यांचे विकार जडतात, ही या क्षेत्रातील डॉक्टरांची जुनी तक्रार आहे.

७. आपल्याकडील स्थिती

क्ष-किरणांच्या साहाय्याने गोळी शोधण्याचे काम या उपखंडात १८९७-९८ च्या तिराह मोहिमेतच झाले होते. वायव्य सरहद्दीवर सर्जन-मेजर बीव्हर यांनी आपले यंत्र नेले होते. संरक्षणाची राष्ट्रीय व्यवस्था मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील असून तिचे केंद्र मुंबईत आहे. प्रारणाशी काम करणाऱ्यांच्या छातीवरील बिल्ल्यांची मोजणी तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने रूढ झाली. पूर्वी त्यांत छायाचित्राची फिल्म असे. पुढे डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या आल्या. हाच आज रुग्णालयात ‘टी.एल.डी. बॅज’ म्हणून ओळखला जातो. अणुऊर्जा नियामक परिषदेची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. २००४ च्या नियमांनी कॅथ लॅबमधील यंत्रांस परवाना आवश्यक ठरविला. पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा पाळताना एका वर्षात आंतरराष्ट्रीय आयोगाने ५० पर्यंत मुभा दिली आहे. भारतीय परिषदेने ती ३० वरच थांबविली, हे विशेष होय.

परंतु छातीवर, एप्रनच्या आत लावलेला बॅज डोळ्यांचे व हातांचे काही सांगत नाही. आणि तो खुंटीवरील कोटास अडकवलेला राहिला तर कोणाचेच काही सांगत नाही. बॅज नियमितपणे न वापरण्याची सवय अनेक देशांत आढळली आहे. यापेक्षाही विचार करण्याजोगी गोष्ट लहान शहरांतील आहे. मोडलेले हाड बसविण्यासाठी किंवा मूत्रपिंडातील खडा काढण्यासाठी सी-आर्म यंत्र आज तालुक्याच्या गावीही वापरले जाते. तेथे शस्त्रवैद्याचा हात पुन्हा थेट झोतात जातो, जसा तो १८९६ साली जात असे. रोग्याचा पाय ताणून धरणारा वॉर्डबॉय, सुया देणारी परिचारिका, यंत्र फिरविणारा तंत्रज्ञ हेही त्याच खोलीत असतात. किरण सोडावयाचे पायदान डॉक्टरांच्या पायाखाली असते. दोन पावले मागे सरण्याचे स्वातंत्र्य ज्यास सर्वांत कमी, त्याच्याच गळ्यात पुष्कळदा जुना, चिरलेला एप्रन पडतो.

८. समारोप

या विवेचनातून उपचारांविषयी भीती निर्माण व्हावी असा हेतू नाही. अँजिओप्लास्टीने व तत्सम उपचारांनी असंख्य लोकांस जीवदान मिळाले आहे. छाती न फाडता हृदयापर्यंत पोहोचता येते, ही गेल्या शतकातील वैद्यकाची फार मोठी मिळकत आहे. त्वचेची गंभीर इजा त्या मानाने क्वचितच होते. हृदय बंद पडत असता मिनिटे मोजत बसावे, असेही कोणी म्हणणार नाही.

तथापि इतिहासावरून एक निष्कर्ष निघतो. प्रत्येक सुधारलेल्या साधनाने प्रारण कमी केले, आणि त्या सुधारणेनेच कामाचा विस्तार करून इजेस नवी जागा दिली. यास्तव केवळ साधनावर विसंबणे इष्ट नाही. ज्या ज्या वेळी इजा खरोखर रोखली गेली त्या त्या वेळी कोणीतरी दोन दूरच्या घटना कागदावर शेजारी शेजारी आणल्या होत्या : कासाबियन यांनी आपल्या हातांची छायाचित्रे, मॅकेंझी यांनी क्षयरुग्णालयाच्या जुन्या वह्या, क्वालालंपूरच्या संशोधकांनी डॉक्टरांचे डोळे व त्यांची कामाची वर्षे. शरीर ज्या गोष्टीची सूचना वेळेवर देत नाही, तिची आठवण नोंदीनेच ठेवावी लागते.

ही नोंद डॉक्टरांची होते, निदान व्हावी अशी व्यवस्था आहे. रोग्याची नोंद यंत्राच्या पडद्यावर क्षणभर दिसते आणि पुष्कळदा तेथेच राहते. रुग्णालयातून घरी जाताना जो कागद रोग्याच्या हाती दिला जातो, त्यावर औषधांची नावे असतात, पथ्य असते, पुन्हा केव्हा यावयाचे ते असते. प्रारणाची मात्रा व ते अंगाच्या कोणत्या भागावर पडले, एवढी एक ओळ त्यावर अधिक लिहिण्यास कसलाही खर्च नाही. महिन्याभराने पाठीवर डाग उठला तर त्या ओळीवरून दुसऱ्या डॉक्टरांस कारण कळेल. हँबुर्गच्या स्मारकावर ज्यांना स्थान नाही त्यांच्यासाठी एवढे तरी करता येण्याजोगे आहे. डडली यांचे केस एकविसाव्या दिवशी गळले, हे आज आपणांस ठाऊक आहे. कारण तेथे कोणीतरी ते दिवस मोजून लिहून ठेवले होते.